वेचणीच्या ओटीतली कादंबरी

"कापसाची वेचणी सुरू होताच मराठीच्या सरांचा वर्ग ओस पडला. कादंबरी अर्ध्यावर राहिली आणि मुलींनी उरलेली गाइडवरून पाठ केली."

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या स्मरणिकेत माजी प्राचार्यांनी हे छापले आहे. माझ्यावर टीका झाली तर मी ती सोसेन, नव्हे, परत करीन. परंतु हे वाक्य नऊ मुलींवर आहे. त्यांनी पुस्तक वाचलेच नाही, असे ते म्हणते. म्हणून उत्तर देणे भाग आहे.

घाटंजी तालुक्यात कापसाच्या कर्जाने घरेच्या घरे वाकवली, अशी ती वर्षे होती. दिवाळीनंतर बारावीच्या साऱ्या नऊजणी वर्ग सोडून वेचणीला गेल्या. माझ्या वार्षिक नियोजनात मात्र आठवड्याला तीन तासिका आणि प्रकरणे ओळीने मांडलेली होती. रिकाम्या बाकांपुढे मी ते नियोजन दोन आठवडे चालवले. ही चूक माझी, आणि ती मी मान्य करतो.

मग ध्यानात आले की आठवडी बाजाराच्या दिवशी वावरात कोणी मजूर जात नाही. कादंबरीच्या तिन्ही तासिका मी त्या दिवशी लागोपाठ ठेवल्या. नऊजणी आल्या. मी मागील प्रकरणांचा सारांश सांगू लागलो, तोच त्यांतली सर्वांत तिखट मुलगी उठली.

"सर, सारांश कायले सांगता? थो त गाइडातबी हाय. आमाले पुस्तक द्या न."

"प्रत एकच आहे आणि तुम्ही नऊजणी."

"मंग उसवा न!"

सारा वर्ग हसला. मी हसलो नाही. ती प्रत मी स्वतः शिवून, जाड पुठ्ठा घालून बांधली होती. त्या संध्याकाळी दाढीच्या पात्याने तिची शिवण मीच कापली. अठरा प्रकरणे सुटी झाली.

प्रत्येकीने एक प्रकरण न्यायचे, दुपारच्या भाकरीच्या वेळी वाचायचे, वेचताना शेजारच्या ओळीतलीला सांगायचे आणि बाजाराच्या दिवशी बदलून घ्यायचे, असा नवा क्रम ठरला. कोणाला नववे आधी मिळे, कोणाला चौथे नंतर. म्हणून तासिकेत मी शिकवणे थांबवले. त्या एकमेकींना दुवे जोडून देत आणि मी फक्त भांडणे सोडवी. हेच प्राचार्य दारातून डोकावत आणि म्हणत, "हा काय बाजार मांडलाय?" बाजारच होता. दिवसच तो होता.

एकदा मी वावरात गेलो. एका मुलीने कमरेच्या ओटीतून कापसाखालचे प्रकरण काढले होते. भोवती मजूर बाया भाकरी बाजूला ठेवून ऐकत बसल्या होत्या. वावराचा मालक धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, ओरडला, "काय मास्तर, माह्या वावरात शाळा भरवून राह्यले का?"

त्याला एका म्हातारीनेच उत्तर दिले, "तू गप बस रे भाऊ! वाच वं पोरी, थे बाई घरी गेली का नाही?"

कादंबरीतील विधवा घर सोडून निघते. अखेरीस ती माहेरी परतते, असे गाइडात छापले होते, कारण गाइड लिहिणाऱ्याने शेवटचे प्रकरण उघडलेले नसावे. पुस्तकात ती नदी ओलांडते आणि मागे वळून पाहत नाही. त्या शेवटावर आमच्या वर्गात दोन बाजारदिवस वाद झाला.

सराव परीक्षेत प्रश्न याच शेवटावर आला. मी माझ्या मुलींना झुकते माप देईन, या संशयाने प्राचार्यांनी ते पेपर स्वतः तपासले. नंतर ते रद्दीत निघाले, तेव्हा मी उचलून घरी आणले. आजही ते माझ्याकडे आहेत, ज्याला पाहायचे त्याने यावे.

नऊच्या नऊ मुलींनी लिहिले आहे, 'ती नदी ओलांडून जाते.' नऊही ठिकाणी त्या वाक्यावर तांबडी फुली आहे आणि समासात प्राचार्यांच्या हस्ताक्षरात शेरा आहे: 'चूक. गाइड पाहा.'