बिनतिकिटाचं पाकीट

आर्लीन हुकस्ट्रा गाडी चालवायची ती उजवीकडच्या सीटवर बसून. स्टिअरिंग डावीकडे, ब्रेक डावीकडे आणि बाई उजवीकडे. डावा हात लांब करून चाक धरायचं, डावा पाय तिरका टाकून ब्रेक दाबायचा आणि उजव्या हातानं खिडकीतून रस्त्याकडेच्या पेट्यांत पत्रं सारायची. आयोवातल्या वेस्टरवेल गावाबाहेर टपाल वाटायची हीच रीत. समोरून कुणी नवखा आला की त्याला ड्रायव्हरच्या जागी कुणीच दिसायचं नाही, आणि तो बिचारा घाबरून थेट मक्यात उतरायचा. आर्लीन त्याच्याकडे बघून हॉर्न वाजवायची. "रस्ता बघून चालवत जा की रे!" हे वर आणखी ऐकवायची.

चौऱ्याऐंशी मैल, तीनशे अकरा पेट्या, बावीस वर्षं. एकही पत्र हरवलं नाही. ही गोष्ट ती स्वतःच सांगायची, आणि विचारलं नाही तरी सांगायची. कुणाचं पत्र उघडायचं नाही असा कायदा आहे, पण हातात घेतल्यावरच कळलं तर त्याला कायदा काय करणार? मार्च महिना आला, की शाळा संपवणाऱ्या पोरांना विद्यापीठांची उत्तरं यायची. जाड पाकीट म्हणजे प्रवेश मिळाला, आत अर्ज, नकाशे, वसतिगृहाचे कागद. पातळ पाकीट म्हणजे 'आम्हाला खेद होतो'. पोराला कळायच्या आधी आर्लीनला कळायचं. पातळ पाकीट असलं, की त्याच्याशेजारी ती घरच्या केकचा एक तुकडा कागदात गुंडाळून ठेवायची. पुढे पुढे पोरं पेटीत केक दिसला, की पत्र न फोडताच रडायला लागायची.

तिच्या ग्वेनचं पाकीट आलं ते चांगलं विटेएवढं जाड. राज्यातलं सगळ्यात मोठं विद्यापीठ, चार वर्षांचं. आर्लीननं ते पेटीत टाकलंच नाही. फाटकापासून घरापर्यंत हॉर्न दाबून धरला, कोंबड्या दोन दिवस अंडी देईनात. त्याच संध्याकाळी तिनं विद्यापीठाच्या नावाचा स्टिकर गाडीच्या मागच्या काचेवर चिकटवला. तोही आडवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मागचं दिसेना, तर म्हणाली, "मागचं बघून करायचंय काय?"

"पोरीनं हो म्हटलंय का?" मार्विननं विचारलं. मार्विन तिचा नवरा, धान्याच्या कोठारावर कामाला. तो दिवसाला चारच वाक्यं बोलायचा. त्यातलं हे एक फुकट गेलं.

ग्वेननं हो म्हटलं नव्हतं. नाही म्हणायचा प्रयत्न मात्र तिनं तीनदा केला होता. पोरीला जनावरांचं वेड. तीस मैलांवर काउंटीचं कम्युनिटी कॉलेज होतं, दोन वर्षांचं. तिथं गुरांच्या डॉक्टरांच्या मदतनिसांचा वर्ग होता. कॉलेजात कुणीही जावं, पण या वर्गाला जागा चोवीसच.

"मॉम, मला अजून नक्की ठरवता येत नाहीये. दोन वर्षं घरून जाते, मग..."

"मग काय? मग तिथंच मुरशील. गाई धूत बसशील जन्मभर!"

"गाई धुवायचं नाही शिकवत गं तिथं."

"मग विद्यापीठात ठरव काय ठरवायचं ते. तिथं चार वर्षं आहेत ठरवायला."

यावर पोरगी गप्प बसायची आणि आईला वाटायचं, पटलं हिला. एप्रिलमध्ये आर्लीननं विचारलं, "विद्यापीठाला होकाराचं कार्ड पाठवलंस?" तर ग्वेन ताटाकडे बघत म्हणाली, "शाळेतून टाकलं." आर्लीननं दुसऱ्या दिवशी तीनशे अकरा घरांना ही बातमी पोचवली. पत्रं नसलेल्या घरांनाही.

एप्रिलची तीस तारीख, शनिवार. डेल्बर्ट ब्रँडस्माच्या पेटीपाशी आर्लीननं असा ब्रेक मारला, की मागच्या सगळ्या टोपल्या पुढे आल्या. डेल्बर्टच्या पेटीची लाल झेंडी वर होती. झेंडी वर म्हणजे आत न्यायचं पत्र आहे. बायको गेल्यापासून नऊ वर्षांत या म्हाताऱ्यानं कुणाला एक ओळ लिहिली नव्हती. झेंडी गंजून आडवीच बसली होती. आज ती वर, आणि सांध्यावर तेलाचा ताजा ओघळ.

आर्लीननं झाकण उघडलं. आत एकच पाकीट. पत्ता काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजचा. अक्षर डावीकडे रेललेलं, जसं पाठीत कुणी ढकललंय. हे अक्षर तिनं पहिलीपासून पाहिलं होतं. वरच्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचं नाव, शिकवलं होतं तसं नीट: ग्वेन हुकस्ट्रा.

डेल्बर्ट ओसरीवर कॉफीचा पेला घेऊन उभा होता.

"मी काही बघितलं नाही," तो लांबूनच ओरडला.

"मी काही विचारलंय का?"

"शपथ घातलीय पोरीनं. म्हणाली, आपल्या पेटीत टाकलं तर मॉमच्या हाती पडेल."

"आणि तुमच्या पेटीतलं कुणाच्या हाती पडतं, डेल्बर्ट? पाद्रीबाबांच्या?"

म्हाताऱ्यानं पेल्यात बघितलं. "हे काही आम्हा दोघांच्या डोक्यात आलं नाही बघ," तो म्हणाला.

ते पाकीट समोर काचेशी ठेवून आर्लीन पुढे निघाली. एक मैल गेल्यावर तिला दिसलं, की पाकिटावर तिकीट नाही. उजवा कोपरा कोरा, स्वच्छ. तिनं गाडीच थांबवली.

आता नियम असा, की तिकीट नसेल तर पत्र पाठवणाऱ्याकडे परत. यात पाप नाही, लबाडी नाही. पत्र दाबायचं नाही, फाडायचं नाही. फक्त सोमवारी ते नियमाप्रमाणे ग्वेनच्या हातात परत द्यायचं. आणि त्या वर्गाच्या प्रवेश-फॉर्मची शेवटची तारीख आजचीच, पाकिटावर आजचाच शिक्का हवा, हे आर्लीनला पक्कं ठाऊक होतं. वाटेवरच्या चार पोरांचे तसले फॉर्म तिनंच या आठवड्यात नेले होते. सोमवारी चोवीस जागा भरलेल्या. मग विद्यापीठाशिवाय पोरगी जाते कुठं! मेलीनं नियमच आईच्या हातात आणून दिला होता.

"आता बोल," आर्लीन पाकिटाला म्हणाली. "तीनदा नाही म्हणायला तोंड होतं ना तुला? आता बोल की!"

पाकीट काय बोलणार? ती पुढे निघाली. दर पेटीपाशी तिची नजर तिकडं जायची, आणि दर पेटीला तिचा राग चढायचा. कधी पोरीवर, कधी डेल्बर्टवर, कधी चोवीस जागांवर. टेन पास आडनावाच्या कुटुंबाच्या घरी तर तिनं त्यांचं वीजबिल शेजारच्यांच्या गठ्ठ्यात घातलं आणि परत काढलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

टेन पास आजी फाटकाशीच उभ्या होत्या. "अगं आर्लीन, मनाला लावून घेऊ नकोस हं. दोन वर्षांचं काय वाईट आहे? माझा नातू तिथूनच शिकला, आता स्वतःची तीन दुकानं आहेत."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"डेल्बर्टनं. को-ऑपच्या दुकानात, कॉफीला. गुरुवारीच." आजींनी तिचा हात थोपटला. "सगळेच होते तिथं."

म्हणजे दोन दिवस अख्खी वाट हिच्या तोंडाकडे बघून हसत होती, आणि ही काचेवरचा फलक मिरवत चौऱ्याऐंशी मैल फिरत होती. आर्लीनचे कान तापले. बरं झालं, तिनं मनात म्हटलं, जाऊ दे परत हे पाकीट! नियम म्हणजे नियम. मी कोण बदलणारी?

पण तिचा डावा पाय ब्रेकवरून निघेना. कारण आर्लीनला आणखी एक पाकीट माहीत होतं.

सदुसष्ट साली ती स्वतः अठराची होती, आणि तिलाही जाड पाकीट आलं होतं. याच विद्यापीठाचं. तिनं होकार लिहिला, तिकीट लावलं, सकाळी पेटीत टाकलं, झेंडी वर केली आणि शाळेत गेली. परत आली तेव्हा झेंडी खाली होती. मग काही आलंच नाही, ना मे महिन्यात, ना जूनमध्ये. सप्टेंबरात मैत्रिणी गेल्या आणि आर्लीन अंडी निवडायच्या कारखान्यात लागली. तिनं पोस्टाला अशा शिव्या घातल्या, की आईनं तिला जेवणाच्या टेबलावरून उठवलं. पाच वर्षांनी पोस्टात जागा निघाली, तेव्हा तिनं अर्ज केला तो याच एका कारणानं. बघू तरी, हे लोक पत्रं हरवतात कशी!

सहा वर्षांपूर्वी बाप गेला. ट्रॅक्टरच्या हत्यारांची पेटी आवरताना पान्यांच्या खाली ते पाकीट सापडलं. तेलाचे डाग पडलेलं, न फोडलेलं, पाच सेंटचं तिकीट अगदी सरळ लावलेलं. म्हाताऱ्यानं ते त्या सकाळी टपालपेटीतून काढलं होतं आणि झेंडी खाली केली होती. एकवीस वर्षं ना तोंडानं बोलला, ना त्याला पाकीट जाळवलं. त्या दिवशी मार्विन पाचवं वाक्य बोलला: "त्याला तू जायला नको होतीस गं."

"मग तसं म्हणायचं होतं!" आर्लीन रडत ओरडली होती. "माझ्या तोंडावर म्हणायचं होतं!"

आता ती खडीच्या रस्त्यावर, उजवीकडच्या सीटवर बसून काचेशी ठेवलेल्या पाकिटाकडे बघत होती. बापाला पोर घरात हवी होती, तिला पोर बाहेर हवी होती. हात मात्र दोघांचाही पत्रावरच.

"छे, छे, छे," ती म्हणाली. मग पर्स उघडून स्वतःच्या तिकिटांतलं एक फाडलं, जिभेला लावलं, पाकिटावर ठेवलं आणि अंगठ्यानं इतका जोर लावून दाबलं, की खालचा कागद आत गेला. "वेडी कुठली," ती म्हणाली. आता हे पोरीला म्हणाली की स्वतःला, ते तिचं तिला ठाऊक. उरलेल्या वाटेवर ती मोठमोठ्यानं रडली, आणि समोरून आलेला एक खताचा ट्रक पार कुंपणाला जाऊन टेकला.

पोस्टात लॉइड पोस्टमास्तर शिक्के मारत होता. आर्लीन टेबलाशीच उभी राहिली.

"काय गं, विसरलीस काही?"

"नाही. तू मार."

त्यानं मारला. तारीख ठळक उठली का, हे तिनं वाकून पाहिलं, आणि मगच घरी गेली.

जेवायला हॅम आणि बटाटे होते. ग्वेन काट्यानं बटाटा इकडून तिकडे करत होती. मार्विन ताटात बघून जेवत होता.

"तिकीट नव्हतं त्याच्यावर," आर्लीन म्हणाली.

ग्वेनचा काटा थांबला. मान, कान, कपाळ, सगळं लाल झालं. "मॉम..."

"टपालवालीची पोरगी आणि तिकीट लावायचं कळत नाही! अठरा वर्षं या घरात तिकिटांच्या गुंडाळ्या लोळतायत. गाईंना काय औषध देणार आहेस तू? बाटली उघडायला विसरशील."

"माझी पत्रं तूच घेतेस ना नेहमी. तिकीट लावावं लागतं हे माझ्या लक्षातच आलं नाही." ग्वेनचे डोळे भरले. "पेटीत टाकलं की पत्र जातं, एवढंच माहीत होतं मला."

आर्लीननं पोरीच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.

"मग गेलं का?" ग्वेननं हळूच विचारलं.

"आजचा शिक्का आहे. मी बघितला."

"काचेवरच्या स्टिकरचं काय?" मार्विन म्हणाला.

"राहू दे. दोन वर्षांनी लागेल. नाही लागला तर खरवडून काढू. आणि नाहीतरी सगळ्या गावाला कळलंच आहे, गुरुवारपासून!"

"मॉम, मी खोटं बोलले. विद्यापीठाच्या कार्डाचं."

"बोललीस. त्याचं उद्या बघते मी, चर्च सुटल्यावर. आज माझं डोकं दुखतंय."

ती उठली, बाहेर गाडीपाशी गेली आणि हातात तिकिटांची एक पट्टी घेऊन परत आली. ग्वेनच्या ताटाशेजारी तिनं ती ठेवली.

"घे. पुढचं तूच लाव," ती म्हणाली. "आणि डेल्बर्टच्या पेटीत नाही टाकायचं. आपल्या पेटीत टाकायचं, झेंडी वर करून."