काळ्या रानातली भेग

किल्लारीच्या भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात मी इंदापूर तालुक्यात मॅग्नेटोमीटर, म्हणजे जमिनीचं चुंबकत्व मोजायचं यंत्र, घेऊन हिंडत होते. खालचा कातळ कुठं तुटून सरकला असेल तर या यंत्राच्या आकड्यांत फरक पडतो. असे जिवंत भ्रंश हुडकून नकाशावर आणायचे, म्हणजे भूकंपाचा धोका कुठं जास्त त्याचा अंदाज येतो. यंत्राजवळ लोखंड चालत नाही, म्हणून केसांतल्या पिनासुद्धा काढून ठेवायच्या. वाऱ्यानं माझा जो काही अवतार व्हायचा!

लासुर्ण्याजवळ एका तात्यांच्या पड रानात वीतभर रुंद भेग पडली होती, अगदी घरापर्यंत. धरणी फाटली, अशी गावात बोलवा. तेव्हापासून तात्या आणि त्यांची मालकीण, म्हणजे मावशी, माळवदाचं घर सोडून अंगणात निजत.

आम्ही यंत्र घेऊन भेग पुनःपुन्हा ओलांडत अख्खं रान पालथं घातलं. आकडे काही उडी मारेनात. आमचे साहेब म्हणाले, "खणूनच बघू." तात्यांनीच कुदळ घेतली. छातीइतकं खाली गेल्यावर मुरूम लागला आणि भेग तिथंच संपली. मावशी पदर खोचून खड्ड्यात उतरल्या, मुरमावरून हात फिरवला.

"हितं तर काय बी न्हाय!"

"काळी माती उन्हानं आकसते मावशी, म्हणून तडकते," मी म्हणाले.

"मग घरात निजू का आता?"

 भेग निरुपद्रवी होती. पण भूकंप लांब कुठं झाला तरी हादरा इथवर यायचा, आणि यांच्या डोक्यावर मातीचं ते जडशीळ माळवद. सांगितलं तसं.

तात्या वैतागले. "म्हंजे मी भेगेला भ्यालो, अन् वैरी डोक्यावर?"

"व्हय," मावशी म्हणाल्या. "अन् दर साली त्येच्यावर माती कोण चढवतंय? तुमीच की!"

साहेबांना हसू आवरेना. जरा वेळानं तात्याही हसले.

पुढच्या फेरीला गेलो, तर माळवद उतरवून पत्रे टाकलेले. मावशींनी आत बसवून पिठलं-भाकरी वाढली. "निजते बघ आता ग्वाड," म्हणाल्या. त्या रानातून मला नकाशावर भ्रंशाची एकही रेघ ओढावी लागली नव्हती. त्या खुशीत मी जरा जास्तच जेवले, आणि दुपारभर यंत्र खांद्यावर घेऊन जांभया देत चालले.