मिश्रीचं बोट

सोमवार, पोळ्यानंतरचा. बीडचा दवाखाना, दातांचा विभाग. हजर: मी, माझे यजमान आणि डॉक्टरीणबाई.

बाईंनी माझा गाल आतून पाहिला आणि केसपेपरवर बोट ठेवलं. "तंबाखूसमोर 'नाही' लिहिलंय. मग हे कशाने?"

"मी शिक्षिका आहे. मुलांकडून तंबाखूविरोधी शपथ म्हणवून घेते."

"दात कशाने घासता?"

"मिश्रीने."

यजमान खिडकीबाहेर बघू लागले. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे मला माहीत होतं. पण अठ्ठावीस वर्षं माझ्या लेखी ते दात घासणं होतं, व्यसन नव्हतं.

निदान ल्युकोप्लाकिया, म्हणजे पुसून न जाणारा पांढरा चट्टा. बायोप्सी झाली, म्हणजे त्याचा तुकडा काढून तपासला. आठ दिवसांनी अहवाल आला. कॅन्सर नव्हता. "पण पेशी बिघडायला लागल्यात. मिश्री सुटली नाही, तर पुढच्या अहवालाची खात्री देत नाही," बाई म्हणाल्या.

त्याच दिवशी मिश्रीची डबी फेकली. चौथ्या सकाळी मागच्या ओट्यावर बसले होते आणि बोट तोंडात! जाऊबाईंची डबी माझ्या हातात कधी आली, आठवेना.

जाऊबाई हसल्या, "लई शपथा देता की मास्तरीणबाई पोरांना!"

मी वही काढली. बोट कधी, कुठे तोंडात जातं, ते आठवडाभर लिहिलं. दर वेळी तोच ओटा, तीच उठल्या उठल्याची वेळ. मनाशी कितीही ठरवलं तरी तिथे बसलं की हात आपला चालू व्हायचा. मग ओटाच सोडला. उठले की पुढच्या दाराने बाहेर, अर्धा तास चालायचं, आल्यावर ब्रश. शिवाय झोपताना तर्जनीला चिंधी बांधायची. बोट तोंडात गेलंच तर कापड लागायचं आणि मी भानावर यायचे. लोक हसले. हसू देत.

डोकं ठणकलं, पोट साफ होईना, घरात सगळ्यांवर खेकसले. पंधरा दिवसांत ओसरलं. मिश्री सोडाल तेव्हा तुम्हालाही होईल. त्याला भिऊन डबी उघडू नका, आणि केसपेपरवर खरं लिहा. बाईंनी 'दात कशाने घासता' हा दुसरा प्रश्न विचारला, याचे उपकार मी विसरणार नाही. चट्टा आता पातळ झालाय.

माझी आई वडवणीला असते. मिश्रीची सवय मला तिनेच लावली. तोंड दाखवायला चल म्हटलं, तर म्हणाली, "मला काय धाड भरलीय? तंबाखू खायला मी काय गडीमानूस हाय?"

मागच्या शनिवारी न्यायला गेले, तर ही आधीच शेतात. या शनिवारी ती उठायच्या आत दारात उभी राहणार आहे. त्याच वहीत मागे कामांची यादी केलीय, तिच्यातल्या 'आईची तपासणी' या ओळीपुढे अजून खूण नाही.