गोठ्याच्या दारातला स्टोव्ह

मी भांडखोर आहे, हे सासरी कुणालाही विचारा. माझी ही ख्याती झाली ती पेलाभर दुधावरून, आणि तिचा मला आजही अभिमान वाटतो.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. नाशकात गंगापूर रोडला तेव्हा बंगल्यांपेक्षा भाजीचे मळेच जास्त. आमच्या घरामागे एका गवळ्याचा गोठा होता. माझी पाच वर्षांची मुलगी अगदीच काडी, म्हणून सासूबाई रोज सकाळी पितळी पेला घेऊन तिला गोठ्यावर न्यायच्या. धार थेट पेल्यात, पेला थेट तोंडाला. धारोष्ण दूध! गवळ्याची पोटुशी बायकोही तेच प्यायची. तापवलं की दुधातला कस जातो, अशी सगळ्यांची खात्रीच होती.

मला मात्र ते बघवायचं नाही. माझा थोरला भाऊ तालमीत जायचा आणि असंच निरसं दूध तांब्याने प्यायचा. पुढे त्याला ताप आला. उतरायचा, पुन्हा चढायचा. सांधे इतके धरले की शर्टाची बाही आम्ही चढवून द्यायचो. शेवटी रक्त तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, हा आजार जनावराच्या कच्च्या दुधातून आलाय. त्या वर्षी माहेरच्या गोठ्यात गायी गाभडल्या होत्या, वासरं दिवस भरण्याआधीच पडली होती. पण डॉक्टरांनी सांगेपर्यंत त्याचा आणि तापाचा काही संबंध असेल हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं. "अगं, आम्ही जन्मभर प्यायलो, मेलो का?" झालं, विषय संपला.

मग एक दिवस कळलं, गवळ्याची तांबडी गाय गाभडली. माझं डोकंच सणकलं. धावत गोठ्यावर गेले, तर पोरीचा पेला तांबडीच्याच दुधाने भरलेला. मी तो हिसकावला आणि शेणात ओतला.

"वहिनी, लक्ष्मी हाय ती!" गवळी ओरडला. "शिकल्याचा लय माज बरा नाय!"

"माज म्हणा, नाहीतर काहीही म्हणा. माझ्या पोरीच्या पोटात कच्चं दूध जाणार नाही!"

सासूबाईंनी अबोला धरला, पण नातीला गोठ्यावर नेणं काही सोडलं नाही. ठीक आहे, म्हटलं. दुसऱ्या दिवशी वातीचा स्टोव्ह आणि पातेलं उचललं आणि गोठ्याच्या दारातच ठाण मांडलं.

दूध घ्यायला आलेली माणसं हसली. "काय वहिनी, टपरी टाकली का?"

"टाकली! आणा इकडे, फुकट तापवून देते."

लाज वाटली, खोटं कशाला बोलू? पण दूध चांगलं उकळून निवल्यावरच पोरीला दिलं. रोज माणसं हसायची आणि रोज मी बसायचे.

एका सकाळी गवळ्याची बायको पोट सावरत बाहेर आली. नवऱ्यादेखत तिने आपला पेला माझ्यापुढे धरला.

"मागलं लेकरू पोटातच गेलं माझं, वहिनी. ह्ये बी त्यातच ओता."

ते का गेलं, मला ठाऊक नव्हतं, आणि दुधामुळेच गेलं असं मी म्हटलंही नाही. पेला घेतला. गवळी खाली मान घालून धार काढत राहिला. सासूबाई वाकल्या आणि स्टोव्हची वात मोठी केली.