दाराशी थांबवलेला व्हिडिओ

आमच्या अकोल्याच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, आगीपासून बचावाचं प्रशिक्षण द्यायला एक साहेब अमरावतीहून आले होते. पन्नाशीचे, सडपातळ, बोलणं सावकाश. उन्हातून आलेल्या बायांना त्यांनी आधी पंख्याखाली बसवलं, पाणी प्यायला सांगितलं आणि मगच लॅपटॉप उघडला.

व्हिडिओ दुसऱ्या एका जिनिंगमधल्या खऱ्या आगीचा होता. कापूस पेटला, माणसं बाहेर पळाली. एक जण दारापर्यंत पोचला, थबकला आणि परत आत वळला. तिथेच त्यांनी व्हिडिओ थांबवला.

"मोबाइल राह्यला होता त्याचा," ते म्हणाले.

"वाचला का जी तो?" एका बाईनं विचारलं.

"नाई, बाई. त्याच्या बायकोले इचारूनच दाखवतो मी हे. तिनं सांगतलं, दाखवा, पन चेहरा दिसू देऊ नका."

मागून कोणीतरी म्हणालं, "पुढचं दाखवा ना, साहेब."

त्यांनी लॅपटॉप मिटला. सगळ्यांना हातातल्या वस्तू जागेवर ठेवायला लावल्या आणि दाराबाहेर चालवत नेलं.

नंतर चहा घेताना मी विचारलं, "पुढं काय आहे त्यात?"

"मले नाई माहीत. म्या कधी पायलंच नाई." त्यांनी कप खाली ठेवला. "दिवाळीले त्यायच्या घरी जातो मी. पायलं तं त्याच्या लेकरायसमोर बसनं होनार नाई माह्यानं."

अपघातांचे व्हिडिओ आमच्या ग्रुपवर नेहमीच येतात. त्या संध्याकाळीही एक आला. मी तो न उघडताच डिलीट केला.