कपाळापर्यंत आलेलं स्थळ

आमच्या गावात इंटरनेट आलं, तेव्हा पहिल्या आठवड्यात सगळ्या गावाने मिळून फक्त एकच गोष्ट शोधली : मला सांगून आलेल्या मुलाचं डोकं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. देवळाली प्रवरेत आमचं घर, घराभोवती ऊस, आणि त्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली व्यक्ती म्हणजे मी. बी.कॉम., सेकंड क्लास. (सेकंड क्लास सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण मला लपवाछपवी जमत नाही.) आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या पदवीला काच घालून ती बैठकीत अशी लावली होती की येणाऱ्याची नजर आधी तिच्यावर जावी आणि मग पाण्याच्या तांब्यावर. गाव तर मला शोभा म्हणायचं विसरूनच गेलं होतं. "ए बीकॉम, एवढं वीजबिल बघ गं!" मी बघायची. मान मोठी ताठ ठेवून बघायची.

दिवस पितृपंधरवड्याचे होते. बोलणी बंद, खरेदी बंद, कारखान्याचा बॉयलर दसऱ्यापर्यंत गार. ऊस उभा आणि माणसं बसलेली. कावळे सोडले तर गावात कुणालाच काम नव्हतं.

आणि नेमकं त्याच्या आदल्या आठवड्यात मला स्थळ आलं होतं. मुलगा प्रकाश. (आडनाव लिहीत नाही, ती माणसं अजून ह्याच जिल्ह्यात आहेत.) ग्रॅज्युएट, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. घटस्थापनेला हो की नाही ते कळवायचं ठरलं होतं. माझा फोटो त्यांच्याकडे कधीच पोचला होता : स्टुडिओतल्या प्लास्टिकच्या फुलदाणीशेजारी, मान इतकी तिरकी की बघणाऱ्याला वाटावं, मुलीला लचक भरलीय. त्यांच्याकडून काय आलं? टाईप केलेला एक कागद!

"आणि मुलाचा फोटो?" मी विचारलं.

"पोराचा फोटू कोन मागतं का गं?" गयाआत्या म्हणाली. गयाआत्या म्हणजे आण्णांची थोरली बहीण आणि आमच्या घरातलं सुप्रीम कोर्ट. "पोराची चौकशी करायची आसती. फोटू पोरीचा!"

माझं डोकं सणकलं. मी तो कागद उलटासुलटा वाचला, आणि अगदी तळाला मला कंपनीचा इंटरनेटचा पत्ता सापडला. मी जाहीर केलं, "ह्या पत्त्यावर सगळं दिसतं. फोटोसुद्धा. मी काढून दाखवते."

"पंधरवड्यात पोरगा बघत न्हाईत!"

"आत्या, बघतंय कोण? मी नुसतं शोधतेय."

ह्यावर सुप्रीम कोर्टाने पदर खोचला आणि म्हटलं, "मंग मी बी येते शोधायला."

इथे एक सांगायला हवं. कॉम्प्युटरचा कोर्स मी राहुरीला केला होता हे खरं. पण क्लासमध्ये मुलं फार आणि कॉम्प्युटर थोडे, त्यामुळे माझा बहुतेक कोर्स दुसऱ्याच्या खांद्यावरून झाला होता. हे घरी कुणाला माहीत नव्हतं. सर्टिफिकेटवर खांद्याचा उल्लेख नसतो.

स्टँडसमोर बंडूकाकांचं एस.टी.डी. बूथ होतं. तिथे त्यांनी नुकताच कॉम्प्युटर आणून, त्याला हार घालून, "इंटरनेट मिळेल" अशी पाटी लावली होती. मिळत होतं, पण बूथला लाईन एकच. तीच फोनला, तीच इंटरनेटला, आणि तीच मागे त्यांच्या घरातल्या फोनला. बूथचं दार तर कधीच निखळलेलं. शनिशिंगणापूरसारखा बिनदाराचा कारभार, कुणीही आत यावं!

मी, आई आणि आत्या आत गेलो. बंडूकाकांनी पुण्याला लाईन लावली. कॉम्प्युटरने मांजराची शेपूट दारात सापडल्यासारखा आवाज काढला. मी पत्ता टाईप केला आणि पान उघडलं! वर इंग्रजीत स्वागत, कोपऱ्यात एक काळी चौकट आणि तिच्यात आकडे, आणि मधोमध फोटोची रिकामी जागा.

फोटो यायला लागला. वरून. कुणी भिंत सारवत खाली यावं तसा, पट्ट्यापट्ट्याने. आधी निळा पडदा आला. मग पडद्यासमोर काहीतरी चकाकलं. ती चकाकी रुंद होत गेली.

"डोकं हाय," आत्या म्हणाली.

"पुढे केस येतील," आई म्हणाली.

"केस काय कपाळाच्या खालनं उगवत्यात व्हय गं?"

आम्ही श्वास रोखून बघत होतो. डोकं आलं, आणखी डोकं आलं. केस मात्र आले नाहीत. तेवढ्यात बंडूकाका ओरडले, "ह्यो आकडा! तू दिलेला पत्ता म्या सकाळी लावून बघितला तवा कमी हुता! मीटर हाय त्ये! बिल पळतंय!" आणि त्यांनी वायरच उपसली.

घरी आण्णा वाटच बघत होते. "काय दिसलं?"

"कपाळ."

"आन् खाली?"

"खालचं उद्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही बूथवर पोचलो, तर आमच्या आधी निम्मी गल्ली तिथे बसलेली. लोक रिकामे होते आणि आत्याला पोटात काही ठेवायची सवय नव्हती. फोटो पुन्हा पहिल्यापासून, निळ्या पडद्यापासून सुरू झाला. टक्कल सगळ्यांनी नीट, मन लावून पाहिलं. मग भुवया आल्या. दाट, झुपकेदार. "बघा, केस आहेत!" मी म्हटलं. इतक्यात एका बाप्याला चाळीसगावला फोन लावून म्हशीचा सौदा मोडायचा होता. त्याचा सौदा मोडला आणि आमच्या भुवया गेल्या.

पुढच्या खेपेला डोळे आले आणि लाईट गेली. त्याच्या पुढच्या खेपेला लाईट होती, डोळे होते, नाकाचा शेंडा दिसतो न दिसतो तोच बंडूकाकांच्या बायकोने आतून माहेरी फोन लावायला रिसीव्हर उचलला. बाहेर साऱ्या गल्लीने 'हाय हाय' केलं. ती आतून विचारते, "काय झालं वं? कोन गेलं?"

"नाक गेलं!" बंडूकाका ओरडले.

आता गिरणीत, पाणवठ्यावर, सोसायटीच्या कट्ट्यावर एकच विषय. कुणी मला "कशी आहेस" म्हणून विचारेना. "कुठवर आला?" एवढंच! मी म्हणायची, "नाकापर्यंत." मग विचारणारा समजुतीने मान हलवायचा, जणू ऊस किती वाढला ते कळलं. ज्यांना माझं नावसुद्धा धड ठाऊक नव्हतं, अशा माणसांनी त्या आठवड्यात माझं स्थळ बूथवर जाऊन, स्वतःच्या खर्चाने शोधलं. एक म्हातारे तर रोज सकाळी देवळातून परस्पर येत. दर्शन झालं की कपाळ बघून जात.

आणि माझं? माझा पाय घरात ठरेना. आमटीत मीठ दोनदा पडलं, आणि भातात पडलंच नाही. उठले की बूथ, बसले की बूथचा विचार. नखं खाऊन संपली. जन्मभराचा माणूस बघायचा, घटस्थापना दारात, आणि हा गृहस्थ नाकाच्या खाली यायला तयार नाही!

त्यात आत्याने निकाल देऊन टाकला. "टक्कल हाय म्हंजी वय लपवलंय. स्थळ मोडायचं."

खरं तर मीही पहिल्या दिवशी उशीत तोंड खुपसून रडले होते. पण दुसऱ्याने नाही म्हटलं की मला हो म्हणावंसं वाटतं, हा माझा जुना दोष. मी फोटोची बाजू घ्यायला लागले. "विद्वान माणसांना टक्कल पडतं. डोळे पाहिलेस ना, किती समजूतदार आहेत?" बोलता बोलता मला ते खरंच वाटायला लागलं. त्या डोळ्यांत काहीतरी होतं. मायाळूपणा म्हणा, अनुभव म्हणा. (अनुभव होताच. तो किती होता ते पुढे येईल.)

सर्वपित्री अमावस्येला दुपारी खीर, वडे खाऊन अख्खी गल्ली बूथवर लोटली. आण्णासुद्धा आले, धुतलेली टोपी घालून. बंडूकाकांनी बायकोला माहेरीच पाठवून दिलं होतं. लाईट होती. फोटो सुरू झाला. पडदा. टक्कल. भुवया.

एवढ्यात खांद्याला बॅग लावलेला एक तरुण गर्दीतून आत आला. "एक फोन करायचा होता..."

"थांबा!" सगळं बूथ ओरडलं.

"मिशी यायचीय," बंडूकाकांनी त्याला समजावलं. तो बिचारा मागे उभा राहिला.

डोळे आले. नाक आलं, संपूर्ण आलं. आणि मिशी यायला लागली. पांढरी!

"म्या म्हनलं नव्हतं?" आत्या उसळली. "आण्णा, ह्यो तुज्याच वयाचा हाय! मोडलं समज स्थळ! आत्ताच फोन लाव पावण्याला!"

आण्णांचा हात खरंच फोनकडे गेला. फोन उचलला तर फोटो जाणार होता, आणि माझ्या हातातलं सगळंच जाणार होतं. मी स्टुलावर चढले. का चढले, ते आजही सांगता येणार नाही. उंचावरून बोललं की शिकल्यासारखं वाटतं.

"कुणी फोनला हात लावायचा नाही!" मी म्हटलं. "मी बी.कॉम. आहे! मला डोक्यातलं दिसतं, डोक्यावरचं नाही! लग्न करीन तर ह्या फोटोतल्या माणसाशीच करीन, नाहीतर जन्मभर ह्या बूथवर बसेन!"

"नगं, नगं!" बंडूकाका घाबरून म्हणाले.

तेवढ्यात फोटो पूर्ण उतरला. हनुवटी आली. मग दुसरी हनुवटी आली. मग टाय. आणि टायच्या खाली, मांडीवर बसलेलं, बोळक्या तोंडाने हसणारं एक बाळ.

"पोरगं बी हाय!" आत्याने कपाळावर हात मारून घेतला.

मी अजून स्टुलावरच होते.

मागून आवाज आला. "तो नातू आहे त्यांचा."

सगळी गर्दी वळली. तो बॅगवाला बोलत होता.

"तुमाला काय म्हाईत?" आण्णांनी विचारलं.

"ते आमचे साहेब आहेत. कंपनी त्यांची आहे."

तो पुढे आला, माझ्या स्टुलाला वळसा घालून माऊस धरला, आणि पानाच्या उजव्या कडेची पट्टी खाली ओढली. पान वर सरकलं! फोटोच्या खाली साहेबांचं नाव, त्यांच्या खाली कंपनीत काम करणाऱ्या सगळ्यांची नावं, आणि शेवटून दुसरं नाव : प्रकाश. पान खाली ओढायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. खांद्यावरून तेवढं कधी दिसलं नव्हतं.

"मी प्रकाश," तो म्हणाला.

डोक्यावर केस होते. चिक्कार होते. आत्याने पुढे होऊन दोन बोटांनी त्यातला एक झुपका ओढून बघितला. "खरं हायेत," तिने कोर्टाचा निकाल सांगितला.

"पण तुमी हितं कसं?" आण्णांना घाम फुटला होता.

त्याने कोपऱ्यातल्या काळ्या चौकटीकडे बोट दाखवलं. "हे पान मी बनवलंय. किती जणांनी उघडलं, ते इथे कळतं. आम्ही दोघंतिघं सोडलो तर कुणी बघत नव्हतं. ह्या आठवड्यात आकडा एकदम धावायला लागला. साहेबांना वाटलं, परदेशातून मोठी ऑर्डर येतेय. भर पंधरवड्यात पेढे वाटले त्यांनी! पण हा पत्ता बायोडाटावर घालून मी एकाच घरी पाठवला होता. म्हटलं, इतकी कसून चौकशी करणारी माणसं आहेत तरी कोण, ते फोनच्या निमित्ताने येऊन बघावं."

"मंग मीटर न्हाई त्ये?" बंडूकाकांनी छातीवरचा हात काढला.

प्रकाशने माझ्याकडे पाहिलं. गंभीर चेहऱ्याने, जराही न हसता विचारलं, "तुमचं बोलणं ऐकलं मी. साहेबांना काय निरोप सांगू?"

मी स्टुलावरून उतरले आणि घरापर्यंत पळत गेले. मागे अख्खं गाव हसत होतं, त्यात आण्णाही होते.

घटस्थापनेला आम्ही होकार कळवला. त्यांचा आमच्या आधी आला होता.

आता त्या गोष्टीला इतकी वर्षं झाली की ह्यांच्या डोक्यावर वरून, पट्ट्यापट्ट्याने, तोच फोटो उतरायला लागला आहे. गेल्या दिवाळीला चकाकी पार कपाळाला येऊन मिळाली. मी तेलं आणते, कांद्याचा रस लावते, डॉक्टर गाठते. हे आरशासमोर उभे राहून म्हणतात, "कशाला घाई करतेस? भर गावात, स्टुलावर चढून पसंत केलेला माणूसच तुला मिळतोय. जरा धीर धर."

धीर! तो माझ्याकडे असता, तर स्टुलावर चढण्याआधी मी निदान दुसऱ्या हनुवटीपर्यंत तरी थांबले नसते का?