मावशींनी न पाहिलेलं पाऊल

मी औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या पट्ट्या तपासते. पट्ट्या समोरून सरकत जातात आणि एखादा खळगा रिकामा दिसला की मी हात वर करते. मग ती एकच पट्टी नाही, अख्खी पेटी बाजूला काढतात. नियमच आहे तसा. एक खळगा रिकामा निघाला म्हणजे आत आणखी कुठेतरी दुसरा असणार, असं आम्ही धरूनच चालतो. अकरा वर्षं हे काम केल्यावर माणूस घरीही तसाच होतो. नवरा म्हणतो, तू धुतलेली भांडी लावतेस तीसुद्धा पंचनामा केल्यासारखी.

हे आधीच सांगून टाकते, कारण मावशींचं जे झालं ते माझ्या या डोळ्यांमुळे झालं.

आमची मुलगी, म्हणजे ठकी, सहा महिन्यांची झाली आणि माझी रजा संपत आली. सासूबाईंचे गुडघे गेलेले, माझी आई स्वतःच अजून नोकरीत. बाळाला सांभाळायला बाई हवी होती आणि ती दहा दिवसांत हवी होती. अशा बायका मिळवून देणाऱ्या एका केंद्रात नाव नोंदवलं. तिथल्या बाईंनी एकामागून एक तिघींना धाडलं. पहिलीने आल्या आल्या स्वयंपाकघर पाहिलं, गॅलरी पाहिली, टीव्ही केवढा आहे ते पाहिलं, बाळ पाहायचं तेवढं राहिलं. दुसरीजवळ प्रमाणपत्रांची फाइल होती, ती तिने ठकीसमोर धरली आणि ठकीने वरचं प्रमाणपत्र चावलं. तिसरीने दारातूनच विचारलं, "बाळ रडतं का हो?" मी म्हटलं, बाळच आहे ते, रडणारच. "मग नको," असं म्हणून ती चपला न काढताच परत गेली. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

चौथ्या या मावशी. पन्नाशीच्या, काटकुळ्या, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून घरात घालायच्या वेगळ्या सपाता काढल्या, हात कोपरापर्यंत धुतले आणि जमिनीवर जाऊन बसल्या. ठकीला उचललं नाही की हाक मारली नाही. पाच मिनिटं झाली, सात झाली. मी मनात म्हटलं, हिला काही येत नाही वाटतं. मग ठकीच सरपटत गेली आणि त्यांच्या सपातेवर हात ठेवून वर बघत बसली. तेव्हा त्या म्हणाल्या, "आलात का? या."

मला फारसं विचारलंच नाही त्यांनी. झोपताना कुठल्या कुशीवर झोपते आणि कुठल्या आवाजाला दचकते, एवढंच. एक अट मात्र घातली.

"ताई, मी फोनवर फोटोबिटो पाठवणार नाही. काय बघायचं ते घरी येऊन बघा."

मी समजले, फोन वापरता येत नसेल. म्हटलं, चालेल.

सकाळी सव्वासातला बेल वाजायची. सातला नाही आणि सात-वीसला नाही. नवऱ्याने त्यांचं नावच सव्वासात ठेवलं. "ऊठ, सव्वासात आल्या." आठवड्याभरात ठकीला त्यांचा असा लळा लागला की बेल वाजली रे वाजली, ठकीबाई दोन्ही हात वर करून तयार. खरं सांगायचं तर मला ते बोचायचं. संध्याकाळी सहाला मी घरी यायची तेव्हा मला इतकं राजेशाही स्वागत नसायचं.

पण एक गोष्ट नशिबाने माझ्या वाट्याला आली होती. ठकी जे काही पहिल्यांदा करायची ते माझ्यासमोर करायची. पालथी पडायची ती आधीपासून. पण पहिल्यांदा रांगली ती रविवारी. पहिल्यांदा टाळी वाजवली ती शनिवारी संध्याकाळी, मी घरात पाऊल टाकल्यावर दहा मिनिटांत. पहिला दात मीच शोधला. मावशी पिशवी आवरता आवरता म्हणाल्या होत्या, "ताई, पाण्याचा चमचा तुम्ही द्या बरं आज." दिला, तर टणकन आवाज आला. मी आनंदाने केवढ्याने ओरडले! मावशींनी पण "अगं बाई, हो का?" म्हणून कौतुक केलं.

"ही पोरगी सरकारी नोकरीला लागणार," नवरा म्हणायचा. "जे काय करायचं ते सुटीच्या दिवशी."

आम्ही खूप हसायचो. मावशीही हसायच्या.

ठकी साडेअकरा महिन्यांची होती. एका बुधवारी मी कामावरून परतले, तर आमच्या गॅलरीसमोरच्या इमारतीतले आजोबा खाली भेटले. दिवसभर खुर्ची टाकून आमच्याकडेच तोंड करून बसलेले असतात. म्हणाले, "अभिनंदन! चालायला लागली की पोर. काल गॅलरीत चांगली चार पावलं टाकली. आणि तुमच्या त्या बाई, गंमतच आहे हो. टाळ्या पिटायच्या सोडून डोळ्यांवर हात घेऊन बसल्या. मग झटकन उचललं आणि आत नेलं."

माझ्या मनात पाल चुकचुकली. काल संध्याकाळी तर मावशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. वर गेले. ठकी स्टुलाला धरून उभी होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय मावशी, आज काही विशेष?"

"काही नाही ताई. रोजचंच."

"चालायचं काही चिन्ह?"

"छे, अजून कुठे? होईल हो. मला वाटतं, या रविवारी टाकेल बघा पाऊल."

सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या. मी रात्र तळमळत काढली. चालण्यासारखी गोष्ट लपवतात, तर आणखी काय काय लपवत असतील? पडली असेल का कधी? गॅलरीत काय झालं की डोळे झाकून घ्यावे लागले? नवरा म्हणाला, "अगं, विचार ना त्यांना सरळ." मी म्हटलं, "विचारलं की. तोंडावर खोटं बोलल्या." रिकामा खळगा दिसला होता मला. पुढचं काय करायचं ते मला एकच ठाऊक होतं.

गुरुवारी मी रजा टाकली. सव्वासातला बेल वाजली, मावशी सपाता घालून आत आल्या आणि मी त्यांना उभ्या उभ्याच सांगितलं, की उद्यापासून येऊ नका, आजही नको.

"काय चुकलं, ताई?"

"ठकी चालते. मंगळवारपासून चालते. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. हे एक मी पकडलं, अजून किती असतील देव जाणे."

मला वाटलं, रडतील, शपथा घेतील, निदान भांडतील तरी. त्या एवढंच म्हणाल्या, "बाळाच्या बाबतीत वाईट असं एकही नाही, ताई." त्यांनी सपाता काढून पिशवीत ठेवल्या. ठकीने स्टुलाला टेकून हात वर केले होते. त्यांनी तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, उचललं नाही. दार लावून गेल्या.

ठकी स्टुलाला धरून उभी होती. तिने दाराकडे पाहिलं, स्टूल सोडलं आणि चालायला लागली. एक, दोन, तीन. मध्ये झोकांडी गेली, सावरली. पाच पावलं टाकून दारापर्यंत पोचली आणि दोन्ही तळव्यांनी दार बडवत राहिली.

माझ्या मुलीची पहिली पावलं मी पाहिली ती ही. मी टाळी वाजवली नाही. जिन्यावरून चपलांचा आवाज खाली खाली जात होता आणि मला एवढंसुद्धा सुचलं नाही की दार उघडावं.

दुसऱ्या दिवशी ठकीला कडेवर घेऊन केंद्रात गेले. दुसरी बाई हवी म्हणून सांगितलं. केंद्रातल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "का? त्या चांगल्या नव्हत्या?"

"खोटं बोलतात."

"चालण्यावरून का?" त्या म्हणाल्या. "अहो, ते खोटं त्या सगळ्याच घरी बोलतात. चालणं, रांगणं, दात. मुलाची आई घरात नसताना झालेलं पहिलं काही त्या बघतच नाहीत, डोळे झाकतात. आणि आईच्या समोर होईपर्यंत झालं म्हणून सांगत नाहीत. मला वाटलं, तुमच्या लक्षात आलं असेल एव्हाना."

मग त्यांनी सांगितलं. मावशींचा मुलगा तान्हा होता तेव्हाही त्या दुसऱ्यांची मुलं सांभाळत. स्वतःचा जावेकडे ठेवत. त्याचा दात जावेने पाहिला. पाऊलही जावेकडेच टाकलं. मावशी संध्याकाळी घरी पोचल्या तर सगळं घर हसत होतं, आणि जाऊ त्यांना सांगत होती, "काय झकास चालला माहितीये तुझा लेक!" त्या दिवशी दिवसभर मावशी दुसऱ्याच्या बाळाला बोट धरून चालवत होत्या.

"मला एकदाच म्हणाल्या होत्या," केंद्रातल्या बाई म्हणाल्या, "'मला कुणी सांगितलं नसतं ना, तर दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला तेच मी पहिलं धरलं असतं.'"

मी तिथेच बाकावर बसले आणि रडले. रांगणं, टाळी, टणकन वाजलेला चमचा, एकेक करून सगळं डोळ्यांसमोर येत गेलं. मी अख्खी पेटी बाजूला काढली होती आणि त्यात एकही खळगा रिकामा नव्हता. उलट माझ्या रिकाम्या जागा ही बाई गुपचूप भरत आली होती.

रविवारी ठकीला घेऊन, केंद्रातून मिळालेला पत्ता शोधत गेले. एका धुलाईच्या दुकानामागे त्यांची खोली. भिंतीला वाफेची ओल, एक पलंग, दोरीवर वाळत घातलेल्या त्या सपाता. मावशी जमिनीवर बसून भाजी निवडत होत्या. मला पाहून त्या उठायला लागल्या, तर मीच खाली बसले.

"मावशी, माझं चुकलं. मला कळलं सगळं. परत या."

त्यांनी मान हलवली. "सोमवारपासून दुसरीकडे शब्द दिलाय, ताई. तीन महिन्यांचं आहे. त्याची आई बिचारी अगदी टेकीला आलीये, तुमच्यासारखीच." पुन्हा भाजी हातात घेत म्हणाल्या, "आणि तुमच्या मनात एकदा आलं ना, ते परत येईल. तुम्ही कामावर असाल आणि येईल. त्यात तुमचा दोष नाही. पण मग मला त्या घरात श्वास घेता येणार नाही."

ठकी केव्हाची माझ्या मांडीवरून खाली उतरायला वळवळत होती. मी तिला उंबऱ्याजवळ उभं केलं. ती मावशींकडे बघून खुदकन हसली आणि तिने माझं बोट सोडलं.

मावशींनी चटकन डोळ्यांवर हात घेतला.

"ताई," त्या हाताआडून म्हणाल्या, "तुम्ही पाहिलंत ना आधी? तुमच्यासमोर झालं ना?"

"हो."

"कुणाकडे आली?"

माझ्या डोळ्यांपुढे आमचं बंद दार आलं, त्याच्यावर आपटणारे दोन तळवे आले.

"माझ्याकडे," मी म्हटलं. "गुरुवारी. मी हात पसरले आणि सरळ माझ्याकडे आली."

"मग झालं तर," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका मोकळा झाला की मला मान वर करवेना. त्यांनी डोळ्यांवरून हात काढला. तोवर ठकी चालून त्यांच्या गुडघ्यापाशी पोचली होती आणि दोन्ही हात वर करून उभी होती.